दुसरा मसुदा

[कविता लिहिणे एकदाच होते, पण ती सुधारणे अनेकदा होते. आपल्या कवितेतील शब्द कसे तपासावेत, मोघम शब्दाच्या जागी नेमका शब्द कसा शोधावा, हे या पाठात एका विद्यार्थिनीच्या कवितेच्या आधारे दाखवले आहे.]

'मसुदा' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत आपण 'मुसव्वदा' म्हणतो. शब्द मुळात अरबी आहे आणि त्याचा अर्थ 'काळे केलेले' असा होतो. कोऱ्या कागदावर शाईने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, की कागद काळा होतो. नंतर स्वच्छ अक्षरात जी प्रत काढतात तिला उर्दूत 'मुबय्यजा', म्हणजे 'उजळ केलेले' म्हणतात. मराठीने पहिला शब्द घेतला, दुसरा घेतला नाही. त्या जागी 'पक्की प्रत' हा शब्द रूढ झाला. आज आपण या काळ्या कागदाविषयी बोलणार आहोत. पुष्कळ विद्यार्थ्यांना तो कागद दाखवण्याची लाज वाटते. वहीत खाडाखोड दिसली तर गुण कमी होतील, असे त्यांना वाटते. निबंधाच्या वहीचे मी सांगत नाही, पण कवितेच्या वहीत खाडाखोड नसेल तर मला शंका येते.

तुम्ही उर्दू शाळेत शिकता, म्हणून 'इस्लाह' हा शब्द तुमच्या कानावरून गेलेला असेल. शागिर्दाने गझल लिहायची, उस्तादाला दाखवायची आणि उस्तादाने एखादा शब्द खोडून वर दुसरा लिहायचा, ही इस्लाहची जुनी रीत. दाग देहलवी हैदराबादला राहत असत आणि त्यांचे शागिर्द दूरदूरच्या गावांहून टपालाने गझला पाठवत. तरुण वयात इक्बाल यांनीही पंजाबातून आपल्या गझला त्यांच्याकडे अशाच पाठवल्या होत्या. पुढे लवकरच दागांनी, आता सुधारणेला फारशी जागा उरलेली नाही, असे कळवले. शेख अब्दुल कादिर यांनी 'बांग-ए-दरा'च्या प्रस्तावनेत ही हकिकत दिली आहे. तो संग्रह १९२४ साली निघाला.

मिर्झा गालिब तर स्वतःच स्वतःचे कठोर परीक्षक होते. त्यांचा दीवान १८४१ साली छापला गेला, तेव्हा तरुणपणी लिहिलेले कितीतरी शेर त्यांनी बाजूला ठेवले होते. ते शेर १८२१ सालच्या एका हस्तलिखितात राहिले होते. शंभर वर्षांनी, १९२१ साली, भोपाळहून ते 'नुस्खा-ए-हमीदिया' या नावाने छापले गेले, तेव्हा लोकांना कळले की गालिबांनी काय काय वगळले होते.

मराठीतही अशी उदाहरणे आहेत. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९), हे फार्सीचे प्राध्यापक होते. मराठीत गझल रुजवण्याचे मोठे काम त्यांनी केले आणि १९२५ साली फार्सी-मराठी कोश तयार केला. उमर खय्यामच्या रुबायांचे मराठी भाषांतर त्यांनी एकदा नव्हे, तीनदा केले. मूळ फार्सीवरून केलेले भाषांतर १९२९ साली आले. फिट्झेराल्ड या इंग्रज कवीच्या भाषांतरावरून केलेली 'द्राक्षकन्या' १९३१ साली आली. तिसरे, 'मधुलहरी', त्यांच्या निधनानंतर १९४० साली प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की ज्याच्यावरून 'द्राक्षकन्या' झाली त्या फिट्झेराल्डचेही समाधान होत नव्हते. त्याची पहिली आवृत्ती १८५९ सालची, तिच्यात ७५ रुबाया. १८६८ साली त्या ११० झाल्या आणि १८७२ साली १०१. दर आवृत्तीत त्याने शब्द बदलले.

आता आपल्या वर्गात येऊ.

लांज्याला जून-जुलैमध्ये कवितेचा विषय दिला, तर चाळीसपैकी तीस मुले पावसावर लिहितात. त्यात वावगे काही नाही. माचाळच्या डोंगरावर ढग उतरले, की शाळेची खिडकी उघडी ठेवता येत नाही, मग मुले दुसरे काय लिहिणार? नववीच्या एका विद्यार्थिनीने पुढील कविता लिहिली. तिच्या परवानगीने ती इथे देत आहे. नाव मात्र देऊ नका, असे ती म्हणाली.

सुंदर पाऊस येतो गावात,
आनंद होतो साऱ्यांच्या मनात.
झाडे डोलती, फुले हसती,
निसर्गाची शोभा दिसती.
अब्बांचा खत येतो दुरून,
विचारती हाल सर्वांचे त्यातून.
अब्बांविना घर खाली वाटते,
मनात फार दुःख दाटते.

कविता वाईट नाही. यमके जुळली आहेत, म्हणजे काफिया सांभाळला आहे. परंतु पहिल्या चार ओळी कोणीही, कुठेही बसून लिहू शकेल. नागपूरचा मुलगा लिहील, नाशिकची मुलगी लिहील. पाचव्या ओळीत 'अब्बा' आले आणि तिथे कविता खरी सुरू झाली. नेमक्या त्याच ओळीपासून शब्द चुकले आहेत.

'खत' हा शब्द फळ्यावर लिहिताच वर्गात हशा पिकला. मराठीत खत म्हणजे शेतात घालतात ते, शेणखत किंवा युरिया. 'अब्बांचा खत येतो दुरून' हे मराठी माणसाने वाचले, तर त्याला ट्रकच डोळ्यांसमोर दिसेल. जुन्या मराठीत 'खत' म्हणजे लेखी दस्तऐवज हा अर्थही होता आणि 'खरेदीखत' या शब्दात तो अजून शिल्लक आहे. पण नातलगाच्या चिठ्ठीला मराठीत 'पत्र' म्हणतात. वर्गातून लगेच सूचना आली, "सर, 'अब्बांचे पत्र' करा." शब्द मराठी झाला आणि लिंगही सुधारले. तरी मी थांबलो आणि त्या मुलीला विचारले, "तुझे अब्बा पत्र पाठवतात का?"

ती म्हणाली, "नाही सर. अब्बा कुवेतला आहेत. जुम्म्याला त्यांना सुटी असते, तेव्हा फोन करतात."

हा प्रश्न शब्दकोशात सापडणारा नव्हता. उर्दू शायरीत खत येतो, कासिद येतो, म्हणून तिच्या कवितेतही खत आला. तिच्या घरी मात्र फोन येतो. शब्द नेमका आहे की नाही हे ठरवताना आधी आपण खरे सांगतो आहोत का, ते पाहायचे असते. तिने 'खत' खोडून 'फोन' लिहिले. कुणीतरी म्हणाले, 'फोन' हा शब्द कवितेत शोभत नाही. मला तसे वाटत नाही. जो शब्द घरात रोज उच्चारला जातो, तो कवितेत शोभत नसेल तर दोष शब्दाचा नाही.

पुढची ओळ अधिक अवघड आहे. 'विचारती हाल सर्वांचे.' उर्दूत हाल म्हणजे स्थिती, चांगली किंवा वाईट. मराठीत 'हाल' हा शब्द अनेकवचनी आहे आणि त्याचा अर्थ यातना, कष्ट असा होतो. 'प्रवासात फार हाल झाले' असे आपण म्हणतो. आता ती ओळ पुन्हा वाचा. अब्बा कुवेतहून विचारत आहेत, घरच्या लोकांचे हाल कसे चालले आहेत! बापाने चौकशी करावी आणि वाचणाऱ्याला वाटावे, की घरी उपासमार आहे. एका शब्दाने घराची अब्रू जाऊ शकते ती अशी. 'हालचाल' लिहूनही चालणार नाही, कारण मराठीत हालचाल म्हणजे शरीर हलणे. इथे हवा तो मराठी शब्द 'खुशाली'. 'खुशाली कळवा' हे वाक्य मराठी पत्रात पूर्वी हमखास असे. आणि हा शब्द आला कुठून? फार्सी 'खुशहाली'वरून. म्हणजे तिचा 'हाल' मराठीत आहेच, पण 'खुश'चा हात धरून आलेला.

तिसरा शब्द 'खाली'. मराठीत खाली म्हणजे वर नव्हे ते. 'घर खाली करणे' असा प्रयोग मराठीत आहे, पण तो भाडेकरूच्या बाबतीत. 'अब्बांविना घर खाली वाटते' याचा मराठी वाचकाला काही बोध होणार नाही.

असे दुहेरी शब्द पुष्कळ आहेत आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना ते जरा जपून वापरावे लागतात. 'तालीम' म्हणजे उर्दूत शिक्षण. मराठीत नाटकाची तालीम असते, पैलवानांचीही तालीम असते. 'दफ्तर' उर्दूत कार्यालय, आणि इथे तुमच्या पाठीवर असते ते. 'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'शिकस्त' तर थेट उलटा शब्द आहे. उर्दूत तो पराभव आहे, पण मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे प्रयत्नांत काही कमी ठेवले नाही. शेकडो वर्षे फार्सी ही दरबाराची व कारभाराची भाषा होती, त्या काळात हे शब्द मराठीत आले, इथल्या मातीत रुजले आणि काहींनी अर्थ बदलला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ सालची, दुसरी १८५७ सालची आणि दुसरीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्यात पुष्कळ शब्दांपुढे एक लहान खूण असते. ती शब्द संस्कृत, अरबी, फार्सी की हिंदुस्थानी हे सांगते. मला हा कोश कादंबरीसारखा वाचायला आवडतो. तुमच्या शाळेत असेल तर अवश्य चाळा.

आता 'खाली'च्या जागी काय लिहायचे? मराठीत यासाठी एक शब्द नाही, पाच-सहा आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. डबा रिकामा असतो, मैदान मोकळे असते. माणसे सोडून गेलेले गाव ओस पडते. आत शिरताच जीव उदास होतो ते घर भकास. एखाद्या आवडत्या माणसाशिवाय घर सुने वाटते. मुलीने आधी 'ओस' निवडला, कारण तो तिला सर्वांत दुःखी वाटला. पण तिच्या घरात अम्मी आहे, दादी आहे, दोन भाऊ आहेत आणि एक बकरी आहे. असे घर ओस कसे असेल? मी विचारले, "घरात नेमके काय रिकामे आहे?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जेवायला बसतो तेव्हा अब्बांच्या जागेवर कोणी बसत नाही." तिने लिहिले,

जेवताना त्यांची जागा मोकळी असते.

'रिकामी' नव्हे, 'मोकळी'. रिकामी जागा चुकून राहते, मोकळी जागा कोणीतरी ठेवलेली असते. हा फरक तिने स्वतः ओळखला. ही ओळ आली आणि 'मनात फार दुःख दाटते' ही ओळ आपोआप गळाली. जागा मोकळी आहे हे कळल्यावर दुःख झाले हे वेगळे सांगावे लागत नाही.

(वृत्तात लिहिणाऱ्यांना इथे आणखी एक अडचण येते. 'रिकामी' शब्दात लघु, गुरू, गुरू असा क्रम आहे. 'मोकळी'मध्ये गुरू, लघु, गुरू. 'ओस' म्हणजे गुरू, लघु. अर्थाने योग्य शब्द वजनात बसेलच असे नाही, मग सगळी ओळ मोडून पुन्हा बांधावी लागते. गझल लिहिणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. सुरेश भट यांनी नव्या गझलकारांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती अशाच अडचणींसाठी. आपली विद्यार्थिनी मात्र वृत्तात लिहीत नव्हती, त्यामुळे तिला ही मोकळीक होती.)

यानंतर ती स्वतःच पहिल्या ओळीकडे वळली. 'सुंदर पाऊस.' पाऊस कसा पडत होता, याला 'सुंदर' हे उत्तर नाही. भुरभुर म्हणजे अगदी बारीक, केस ओले करणारी. रिमझिम त्याहून थोडी अधिक. रिपरिप म्हणजे जोर नाही पण थांबतही नाही, चिखल करून सोडते. सर येते आणि जाते. वळीव मृगाच्या आधी गडगडाटासह येतो. उर्दूतल्या 'झड़ी'ची बहीण म्हणजे मराठीतील झड. ती लागली की सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि कधी एकदा उघडीप मिळते असे होते. कोकणात राहून यांतला एकच शब्द वापरणे म्हणजे घरात सात भांडी असताना चहा, भात आणि आमटी एकाच पातेल्यात करणे. तिने 'झड' निवडला. तो पाऊस सकाळपासून चालू होता.

'झाडे डोलती, फुले हसती, निसर्गाची शोभा दिसती' या दोन ओळींत तर व्याकरणही यमकासाठी वाकवले आहे. शोभा एक, म्हणून 'दिसते' हवे. 'हसती'ला जुळावे म्हणून 'दिसती' केले. कवितेत असे थोडेफार चालते, हे मला मान्य आहे. पण ज्या ओळीत काही सांगितलेलेच नाही, तिच्यासाठी व्याकरण का मोडावे? आणि झडीच्या दिवशी फुले हसत नसतात, ती चिखलात पडलेली असतात. मी वर्गाला म्हणालो, "खिडकीतून बाहेर पाहा आणि दिसते ते सांगा." कोणी सांगितले, गडग्यावर शेवाळ आले आहे. कोणी सांगितले, पऱ्याला पाणी आले आहे. ती मुलगी म्हणाली, "कौलांवरून पाणी पडते ना, तिथे जमिनीत खड्ड्यांची रांग होते."

त्या पाण्याच्या धारांना मराठीत सुंदर शब्द आहे, पागोळ्या. उर्दूत छपराच्या त्या कडेला 'ओलती' म्हणतात. पुष्कळ मुलांना वस्तू माहीत होती, शब्द माहीत नव्हता. घरी आजीला विचारा, तिला दोन्ही माहीत असतील. खड्डे जरा मोठे होतात, म्हणून लहानशा खड्ड्यांना तिने 'खळगे' म्हटले. ते कुठे पडतात? तिने आधी 'अंगणात' लिहिले होते, कारण पाठ्यपुस्तकात अंगण असते. "घरी काय म्हणता?" असे विचारल्यावर सगळा वर्ग ओरडला, "खळं!" कोकणात घरापुढच्या जागेला खळे म्हणतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. देशावर मात्र खळे म्हणजे मळणीची जागा. साताऱ्याचा वाचक क्षणभर गोंधळेल, म्हणून ती बदलायची का? यावर वर्गात बराच वाद झाला. शेवटी तिने 'खळ्यात' ठेवले. खळ्यात खळगे, असे म्हणताना पाणी पडल्यासारखे वाटते, असे एक मुलगा म्हणाला. हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मग फोनची ओळ. तिला विचारले, "पाऊस पडत असताना फोन येतो तेव्हा काय होते?" ती सांगू लागली. पडवीवर पत्रा आहे. अम्मीला घरात रेंज मिळत नाही, म्हणून ती पडवीत येऊन बोलते. पत्र्यावरच्या आवाजाने एकमेकांचे काही कळत नाही. मग अब्बा म्हणतात, काही बोलू नकोस, फोन तसाच बाहेर धर, मला पाऊस ऐकू दे.

वर्ग शांत झाला. अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आखाती देशांत आहे. ही गोष्ट तिच्याजवळ पहिल्यापासून होती. 'सुंदर', 'आनंद', 'शोभा', 'दुःख' हे शब्द दारात उभे होते, म्हणून तिला बाहेर पडता येत नव्हते.

लिहिताना तिने 'पत्रावर पाऊस वाजतो' असे लिहिले. इथे नीट लक्ष द्या. 'पत्र' म्हणजे चिठ्ठी, त्याचे रूप 'पत्रावर'. 'पत्रा' म्हणजे छपराचा पत्रा, त्याचे रूप 'पत्र्यावर'. एक 'य' राहिला तर पाऊस चिठ्ठीवर पडेल. क्रियापदाविषयीही चर्चा झाली. पाऊस पत्रा बडवतो, पत्र्यावर आदळतो, कोसळतो, ताशासारखा तडतडतो. 'बडवतो' सर्वांत जोरदार आहे, पण नेमका शब्द नेहमी सर्वांत जोरदार असतो असे नाही. जो आवाज ऐकण्यासाठी अब्बा गप्प बसतात, तो बडवण्याचा कसा असेल? 'वाजतो' राहिले.

आणि शेवटी एका प्रत्ययाचा प्रश्न. तिने लिहिले होते, 'फोन तसाच जरा पावसात धर.' मागच्या बाकावरून आवाज आला, "फोन भिजेल!" सगळे हसले, पण आक्षेप बरोबर होता. 'पावसात' म्हणजे 'बारिश में'. 'पावसाकडे' म्हणजे 'बारिश की तरफ'. तिने 'त' खोडला, 'कडे' लिहिले.

आणखी एक सूचना आली होती, की मराठी कविता आहे तर 'अब्बा'ऐवजी 'बाबा' आणि 'जुम्मा'ऐवजी 'शुक्रवार' लिहावे. तिने वर पाहिले. मी सांगितले, "हाक मारताना जे म्हणतेस तेच लिही." खत, हाल आणि खाली हे शब्द आपण बदलले, कारण मराठीत त्यांचा अर्थ दुसरा होतो. 'अब्बा' या शब्दाचा मराठीत दुसरा अर्थ होत नाही. मराठी वाचकाला तो समजतो, आणि कोणाचे अब्बा तेही समजते. तिच्या घरात बाबा नावाचे कोणी राहत नाही.

तिसऱ्या मसुद्यानंतर कविता अशी झाली.

सकाळपासून झड लागली आहे.
पागोळ्यांनी खळ्यात ओळीने खळगे पाडले आहेत.
जुम्म्याला दुपारी अब्बांचा फोन येतो.
अम्मी पडवीत उभी राहून बोलते.
पत्र्यावर पाऊस वाजतो, खुशाली नीट ऐकू येत नाही.
अब्बा म्हणतात, "बोलू नकोस.
फोन तसाच जरा पावसाकडे धर."

जेवणाच्या मोकळ्या जागेची ओळ यात नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. ती तिने काढून टाकली. अर्ध्या वर्गाला ती हवी होती, मलाही हवी होती. तिचे म्हणणे असे, की अब्बा पाऊस ऐकत असताना मध्येच जेवणाकडे कसे जायचे? ती ओळ तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. यमकही गेले, त्याबद्दल काहींनी हळहळ व्यक्त केली. ज्याला यमक हवे त्याने ते जरूर ठेवावे, फक्त यमकाने ओळीला ओढत नेता कामा नये.

इस्लाहच्या जुन्या रीतीत आणि वर्गातल्या या रीतीत एक फरक आहे. उस्ताद शब्द देत असत. दागांसारखा उस्ताद असेल तर ते ठीकच होते. शाळेतल्या शिक्षकाने मात्र प्रश्न विचारावा आणि शब्द विद्यार्थ्याकडून येऊ द्यावा, असे माझे मत आहे. मी 'पागोळ्या' हा एकच शब्द तिला दिला. 'मोकळी' आणि 'पावसाकडे' मला सुचले नसते.

त्याच आठवड्यात आणखी दोन कविता आल्या. एका मुलाने लिहिले होते, 'नदी झुळझुळ वाहते'. त्याचे घर मुचकुंदीच्या काठी. जुलैत मुचकुंदी झुळझुळत नाही, तिचा आवाज रात्री घरात ऐकू येतो. त्याने 'झुळझुळ' खोडून 'घोंघावत' केले आणि 'नदी'च्या जागी 'मुचकुंदी' लिहिले. नदीला नाव असताना तिला नुसते नदी का म्हणावे? दुसऱ्याने 'कोकिळा गाते' लिहिले होते. गाणारा पक्षी नर असतो, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती तशी गात नाही. म्हणून 'कोकीळ गातो' असे हवे. मराठी कवींनी कोकिळेला पिढ्यान्पिढ्या गायला लावले आहे, तेव्हा या मुलाला फार बोलता आले नाही.

आपल्या जिल्ह्यातील मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. कृष्णाजी केशव दामले हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १८६६ सालचा. तेही शिक्षक होते. १९०५ साली हुबळीला प्लेगने त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की दाग देहलवीही त्याच वर्षी वारले. इंग्रजीतील चौदा ओळींचा काव्यप्रकार केशवसुतांनी मराठीत आणला आणि त्याला 'चतुर्दशक' म्हटले. 'सुनीत' हे नाव त्याला नंतर मिळाले. त्यांचे पहिले चतुर्दशक १८९२ सालचे, विषय मयूरासन आणि ताजमहाल. चौदाच ओळी मिळणार म्हटल्यावर प्रत्येक शब्दाला जागेचे भाडे द्यावे लागते, 'सुंदर'सारखा शब्द फुकट राहू शकत नाही. मालगुंडला त्यांच्या घराजवळ १९९४ साली कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक उभारले. शाळेची सहल गणपतीपुळ्याच्या बाजूला जाईल तेव्हा ते पाहून या.

स्वाध्याय

१. 'हाल' आणि 'खुशाली' या शब्दांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा. नंतर दोन्ही वाक्ये उर्दूत लिहा आणि कोणता शब्द बदलावा लागला ते सांगा.

२. उर्दूत एक आणि मराठीत दुसरा अर्थ असलेले, या पाठात न आलेले चार शब्द शोधा. मोठ्या माणसांची मदत घेण्यास हरकत नाही.

३. पाणी टपकते, ठिबकते, गळते, झिरपते, ओघळते. यांपैकी नळ, छप्पर, भिंत, डोळे आणि मडके यांच्यासाठी कोणते क्रियापद वापराल? एकापेक्षा अधिक चालत असतील तर अर्थात काय फरक पडतो?

४. वगळलेली ओळ ('जेवताना त्यांची जागा मोकळी असते') कवितेत असावी की नसावी? असावी असे वाटत असेल तर नेमकी कुठे, ते दाखवा.

५. स्वतः लिहिलेली एक कविता घ्या. त्यातील 'सुंदर', 'छान', 'खूप', 'आनंद', 'दुःख' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. प्रत्येक जागी त्या दिवशी प्रत्यक्ष काय पाहिले किंवा ऐकले ते लिहा. खोडलेला कागद फाडू नका, तो वहीला चिकटवून आणा.